पाठवणीचा धवळा

टप्.

सुपाच्या काठावर बोट आपटल्याचा एवढासा आवाज, पण दुपारची अख्खी शांतता त्यानं मोडली. दिपिकाचा थोपटणारा हात रीमाच्या पाठीवर तसाच राहिला. पोरीचे डोळे नुकते कुठे मिटायला आले होते.

बाहेर ओटीवर सासू, शकू, नवे तांदूळ पाखडत बसली होती. गेली दोन वर्षं या घरातली दुपार अशीच जायची. आत दिपिका पोरीला निजवताना गाणं म्हणायची, बाहेर सूप झुलायचं, आणि गाण्याची शेवटची ओळ आली की ओटीवरून शकूचा घोगरा आवाज ती अलगद उचलायचा: 'जा गो चिमने, आपले देसा.' मग रीमा झोपायची. आज शेवटची ओळ आली नि बाहेरून काहीच आलं नाही. नुसतं ते टप्. मग सूपही थांबलं.

ऐकतेय, दिपिकाच्या मनात आलं. आणि पाठोपाठ दुसरं आलं: ऐकतेय कसली, कळलंय तिला.

"दिपिका," ओटीवरून हाक आली. "त्या शिनेमान गानी पन हान का गो?"

"असतील ना, आई," दिपिका आतूनच म्हणाली. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. "सिनेमा म्हटला की असतातच."

"हां," शकू म्हणाली, आणि सूप पुन्हा झुलायला लागलं.

सिनेमाचं नाव होतं 'नवरदेव गाळात'. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तो त्यांच्याच अंगणात झाला होता. चिंचोटीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या या गावात तोवर कॅमेरा आला होता तो लग्नातला. कॉन्रॅड नावाचा वसईचाच पोरगा दिग्दर्शक. कंपनी-बिंपनी काही नाही, मित्रांच्या जिवावर काढलेला विनोदी सिनेमा: वरातीची होडी ओहोटीला गाळात रुतते, आणि नवरदेव लग्नाला पोचतच नाही. नट मात्र एकेक कसलेले. नाटकात नाव काढलेली पाच माणसं. जेवायला अंगणात पंगत बसली की त्यांतला टकला नुसता "काकू, अजून एक बोंबील उरलाय, असं मला स्वप्न पडलंय," म्हणायचा, आणि सासरे काळूराम ठसका लागेस्तोवर हसायचे.

त्या पाचांत सुमेधा होती. सिनेमात तिला धवलारीन व्हायचं होतं. धवलारीन म्हणजे शकू जी होती तीच. पंचक्रोशीत कुणाच्याही घरी मांडव पडला की पहिलं बोलावणं तिला. हातात तांदूळ घेऊन ती धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायची, एकेक देव नाव घेऊन बोलवायची, घरातले गेलेलेसुद्धा. आणि तिनं म्हटल्याशिवाय हळदीचं बोट नवरीच्या गालाला लागायचं नाही. हे सगळं तिच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. शकूला लिहिता-वाचता येतच नव्हतं.

सुमेधा तिच्या पायाशी बसली, गोड बोलली. शकूनं तिला चहा दिला, चटई दिली, जुनी नऊवारी नेसवून दाखवली. धवळा दिला नाही.

"मांडव थर्माकोलचा, नवरी भाड्याची," ती कॉन्रॅडला म्हणाली. "देव बोलवायचं नि त्यांना बसवायचं कुठं रे बाबा? नाय. दुसरं कं पन माग."

आता यात दिपिका कुठून आली? दिपिकाही आगरी घरातलीच, पण वाढली विरारला तिसऱ्या मजल्यावर. आईबापांचं शेत तिच्या जन्माआधीच गेलेलं. तिच्या मावसबहिणींच्या हळदीला डीजे. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला सूप धरतासुद्धा येत नव्हतं. मग रीमा झाली, आणि त्यानंतरची चार वर्षं तिला कुणी 'बाळानं दूध घेतलं का' याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. सुमेधानं विचारलं. "तू काय वाचतेस? तुझा आवाज किती छान आहे, कुणी सांगितलं नाही कधी?" आणि चार दिवसांनी, विहिरीपाशी, हात हातात घेऊन: "तू माग ना त्यांच्याकडे. तुला देतील त्या. सून आहेस. एकच, पाठवणीचा. तुझं नाव येईल पडद्यावर, शपथ."

दिपिकानं मागितला. "आई, मला शिकवा ना एक. मी शिकले पाहिजे ना कधीतरी."

शकूनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं होतं. मग म्हणाली, "बस." त्या दुपारी ओटीवर तिनं एकेक ओळ म्हटली, आणि दिपिकानं मागून म्हटली.

आलीस गो चिमने, बसलीस बांदावं,
खाल्लंस गो चिमने, सोन्याचं दानं,
भरलं तुजं प्वाट, जा गो चिमने,
जा गो चिमने, आपले देसा.

"चिमनी म्हंजे नवरी," शकूनं सांगितलं होतं. "पाठवनीचा हाय."

दिपिकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मांडीवर ओढणीखाली पालथा ठेवलेला फोन तेवढा वेळ चालूच होता.

रेकॉर्डिंग सुमेधाला पाठवलं, बाकी यातलं तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, हरेशलाही नाही. आणि गंमत अशी की गाणं चोरून नेलेलं असलं तरी तिच्या जिभेवर ते बसलंच. रीमाला निजवताना आपोआप यायला लागलं. पहिल्यांदा ओटीवरून शकूनं शेवटची ओळ उचलली तेव्हा दिपिकाला इतकं भरून आलं की तिला वाटलं, आता जाऊन पाय धरावेत आणि सांगून टाकावं. रीमा तेवढ्यात रडली. मग राहून गेलं, ते राहूनच गेलं.

सिनेमा थेटरात आला तो तीन दिवस. गावातलं कुणी जायच्या आधीच उतरला. हरेशनं कामावरून पेपरातलं परीक्षण फोनवर पाठवलं, पुढे हसण्याची चार तोंडं. 'पाच कसलेले नट आणि पाच जणांचं मिळून एक हसू नाही,' असं त्यात होतं. 'प्रत्येक जण आपापला विनोद आपापल्या घरून घेऊन आल्यासारखा.' दिपिकाला वाईट वाटायला हवं होतं, पण ती खाली खाली वाचत गेली आणि शेवटच्या परिच्छेदाशी थांबली. 'मात्र पाठवणीच्या प्रसंगात सुमेधा जो अस्सल धवळा गाते, तो काळजाला हात घालतो. एवढ्यासाठी तरी...'

अस्सल.

त्यानंतर कॉन्रॅडचा फोन आला. ज्या गावानं जेवू घातलं त्या गावाला तो सिनेमा फुकट दाखवणार होता. रविवारी सकाळी, समाजमंदिरात, मोठा पडदा लावून. शकूची खुर्ची पहिल्या रांगेत.

तो आठवडा दिपिकानं कसा काढला ते तिलाच माहीत. शकूनं कपाटातून हिरवं लुगडं काढलं तर दिपिकाला वाटे, मुद्दाम माझ्यासमोर काढलं. शकू रीमाला जवळ घेऊन पुटपुटायला लागली की ही भांडी घासायची थांबून कान द्यायची. मंगळवारी शेजारच्या म्हातारीशी बोलता बोलता शकू हसली आणि दिपिका आत येताच गप्प झाली. बुधवारी तर तिनं सरळ विचारलं, "तुज्या फोनान जुनं सगलं राहतं का गो? दोन दोन वरसांचं?"

"म्हणजे?"

"रीमेचं फोटू. ल्हानपनचं."

"हो, राहतं," दिपिका म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं ते रेकॉर्डिंग शोधून काढून पुसलं. पुसल्यावर वाटलं, चोर असंच करतो.

आणि ते नाव. पडद्यावर येणारं. शकूला वाचता येत नसलं तरी गावाला येत होतं. उद्या सगळीकडे झालं असतं, शकूच्या सुनेनं धवळा विकला. मग कुठल्या मांडवात शकूला मान राहणार होता? आणि शकू तिला, आपल्या सुनेला, पुन्हा कधी 'बस' म्हणणार होती?

रविवारी समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेला. अख्खं गाव आलं होतं, पोरं खाली सतरंजीवर. कॉन्रॅड दाराशी उभा, दाढी वाढलेली. सुमेधाही आली होती. तिनं दिपिकाला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "थँक्यू हं, तुझ्यामुळे." शकू दोन हातांवर होती. दिपिकानं सुमेधाच्या खांद्यावरून बघितलं. शकू पडद्याकडे बघत होती, जो अजून कोराच होता.

सिनेमा सुरू झाला. पहिल्यांदा आपलं अंगण दिसलं तेव्हा टाळ्या पडल्या, कुणाची तरी म्हैस दिसली तेव्हा शिट्टी. मग टाळ्या संपल्या. टकला नट गाळात घसरला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा मागून एक पोरगा जांभई देऊन म्हणाला, "याला कुनी बांदावरनं चालायला शिकवा रे." पडद्यावर पाचही जण एकाच वेळी बोलत होते, डोळे मोठे करत होते, आणि हॉलमध्ये पंख्याची घरघर ऐकू येत होती. दिपिकाला आठवलं, हाच माणूस बोंबील मागायचा तेव्हा लोकांच्या पोटात दुखायचं. ते सगळं कॅमेरा बंद असतानाच झालं होतं वाटतं.

"आता मी येईन," काळूराम दर पाच मिनिटांनी सांगत होते. त्यांनी होडीवाल्याचं काम केलं होतं, दोन वाक्यांचं. होडी आली. होडी गेली. वल्ही धरलेले दोन हात तेवढे दिसले.

"ते माझंच हात," काळूराम म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तोंड कुठं टाकलं यांनी?"

आणि पाठवणी आली.

विनोद थांबला. पडद्यावर संध्याकाळ झाली. शकूचीच नऊवारी नेसलेली सुमेधा उंबऱ्याशी उभी राहिली, तळहातावर तांदूळ. डोळे मिटले. दिपिकानं रीमाचा हात इतका घट्ट धरला की पोर "आई गं" म्हणाली. सुमेधाच्या गालावरून एक थेंब ओघळला, आणि ती गायला लागली. खरंच सुंदर गायली. आलीस गो चिमने, बसलीस बांदावं.

मग मागच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, "अगो, यो कं?" दुसरी कुणीतरी फिसकन हसली. खाल्लंस गो चिमने, सोन्याचं दानं. हसू रांगेरांगेनं पुढे सरकत आलं. सुमेधा पडद्यावर हुंदका आवरत 'जा गो चिमने'वर पोचली, तेव्हा एक म्हातारा उठून उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं लहानपणीसारखी आरोळी ठोकली, "हाऽऽ हुर्रर्र!" आणि अख्खा हॉल फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "नवरीला हाकलतंय का शेतातली चिमनी!" "गोफन द्या रे तिला कुनीतरी!" काळूराम तोंड विसरून मांडीवर थापा मारत होते.

दिपिकाला काही कळेना. ती बाजूला बसलेल्या चुलतसासूला म्हणाली, "काय झालं? सगळे हसताहेत का?"

"अगो, हे आमी पोरी असताना भातावं बसून म्हनायचो," चुलतसासू डोळे पुसत म्हणाली. "पाखरं हाकलायला. हा कसला धवला? यांना कुनी गंडवलं गो?"

दिपिकानं मान हळूहळू वळवली. शकू हसत नव्हती. तांदूळ पाखडताना बघते तशी ती पडद्याकडे बघत होती, खडा कुठे आहे ते बघत.

सिनेमा संपला. काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकायला लागली. रीमा पहिलीत होती, आणि नुकतीच जिथे दिसेल तिथे वाचायची. "आई! दि-पि-का!" ती उठून ओरडली. "धवळा... सं-क-लन... दिपिका भोईर! आई, तुझं नाव!"

दोन-चार माना वळल्या. मग आणखी. पहिल्या रांगेतली वळली नाही.

दाराशी कॉन्रॅड फुलून आला होता. "काकू, तिकडे थेटरात कोण हसलं नाही, आणि इथे बघा! आपल्या माणसांना बरोबर कळतो ह्युमर." त्याला कुणी काही सांगितलं नाही. सुमेधाला मात्र कळलं होतं, नटीच ती. तिचा चेहरा उतरला होता. "काकू, लोक का हसले?" तिनं विचारलं.

शकूनं तिच्या गालावरून हात फिरवला. "गोड आवाज हाय तुजा. माझ्यापरीस गोड."

सुमेधानं वर बघितलं ते दिपिकाकडे. डोळ्यांत नुसता संशय. 'तूच,' ते डोळे म्हणत होते, 'तूच मला खोटं दिलंस ना?' आणि दिपिकाला काही सांगताच येईना, कारण खरं सांगायचं तर आधी शकूसमोर ते तोंडातून निघायला हवं होतं.

काळूराम आपल्या हातांविषयी कॉन्रॅडशी भांडायला मागे राहिले. तिघी बांधावरून घराकडे निघाल्या. भात कापून झालेलं, शेतात खुंट. रीमा पुढे पळत होती, मुनियांचा थवा दिसला की दोन्ही हात उडवत होती. "हाऽऽ हुर्रर्र!"

"आई," शेवटी ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

"कं?"

"मी त्या दिवशी... फोन चालू होता ते."

शकू चालत राहिली. "तुजा फोन मी कदी पालथा बघितला नाय. जेवताना पन तोंड वर. त्या दिवशी मांडीवं पालथा, नि वरनं ओढनी. एवरं ऊन, नि ओढनी घेऊन बसलीस."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हनून."

"दोन वर्षं?"

"मना कं घाई होती?"

दिपिकाला रडूही येईना. आठवडाभर ती सासूचं लुगडं, सासूचं हसू, सासूचा प्रत्येक शब्द उलटासुलटा करून बघत होती, आणि सासूनं दोन वर्षांपूर्वी एकदाच तिच्या मांडीकडे बघितलं होतं. गावात शकूचा मान शाबूत होता, उलट वाढला. देव खोट्या मांडवात आले नव्हते. सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती स्वतः कुठे होती ते तिला कळेना.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली. "खरा... खरा धवळा मला कधी..."

शकूनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. "रीमे, पुढं खड्डा हाय, चप्पल सांभाल," ती ओरडली.

घरी येऊन जेवणं झाली. दुपार रोजच्यासारखी आली. शकू ओटीवर सूप घेऊन बसली. आत दिपिका रीमाला घेऊन आडवी झाली, पाठीवर हात ठेवला, आणि तोंड उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे म्हणायला गाणंच नाही.

"म्हण ना," रीमा म्हणाली.

"आज नको, बाळा. झोप."

"ते खोटं आहे म्हणून?"

"खोटं नाही. चिमण्यांचं आहे."

"आजीनं तुला फसवलं?"

"नाही गं." दिपिकानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आधी मी आजीला फसवलं होतं."

रीमानं यावर बराच विचार केला. छताकडे बघत, बोटांनी पांघरुणाचा दोरा ओढत. बाहेर सूप झुलत होतं, दाणे वर उडून पुन्हा खाली पडत होते. मग ती कोपरावर उठली, आणि ओटीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं,

"आई, आजीला माहीत होतं ना ते हाकलायचं गाणं आहे? मग रोज तुझ्याबरोबर ती का म्हणायची?"

बाहेर सूप थांबलं.